आप्पांचं ओव्याचं फूल

आम्ही राहत होतो त्या घराला ओव्याचा वास होता. घर आप्पांचं. वडील टपालमास्तर म्हणून घाटनांदूरला आले तेव्हा त्यांच्या पुढच्या दोन खोल्या आम्ही भाड्यानं घेतल्या. एकीत टपाल, दुसरीत आम्ही. वास भिंतींना होता, अंथरुणांना होता, आईच्या लोणच्याला लागला होता आणि टपालालाही लागला. शेजारच्या वाडीचा एक म्हातारा वडिलांना सांगून गेला, “मास्तर, लेकाचं पत्र उशाला घेऊन निजलो, पोट दुखायचं थांबलं बगा.” तक्रार वर जाईल या भीतीनं वडील टपालाची थैली खिडकीत वाऱ्यावर टांगू लागले. आप्पांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, “मास्तर, टपाल घरी ठेवू नका आता. दवाखान्यात हलवा.”

वास यायचा तो मागच्या खोलीतून. तिथं पूर्वी कडबा भरत. आप्पांनी कडबा काढून तिथं तांब्याची देगची, बांबूची नळी, मातीची घंगाळी आणि हैदराबादहून आणलेल्या काचेच्या चार वस्तू मांडल्या होत्या. चार वस्तूंपैकी एक उष्णतामापक होता. तो ते फडक्यात गुंडाळून, फडकं डब्यात आणि डबा कोनाड्यात ठेवत, आणि कोनाड्याजवळून जाताना आवाज लहान करत.

त्यांचं घराणं लिंगायत, किराणा-भुसाराचं दुकान असलेलं. दुकान थोरले बंधू चालवत. त्यांना सगळे अण्णा म्हणत. आप्पा दुकानात मदत करतात असा समज होता. ती मदत म्हणजे दुकानातला ओवा उचलून मागच्या खोलीत नेणं. तरुणपणी दोन वर्षं ते हैदराबादला एका अत्ताराकडे राहिले होते. तिथं त्यांनी एक जर्मन बाटली पाहिली. आत काचेच्या सुयांसारखे पांढरे खडे. अत्तारानं सांगितलं की हे ओव्याचं सत. मराठीत ज्याला ओव्याचं फूल म्हणतात ते. आपलाच ओवा जहाजानं जातो आणि असा होऊन परत येतो. डॉक्टर त्यानं जखमा धुतात, पोटातले जंत मारतात. आपल्याकडे बाजारात मिळतं ते पिवळं, ओलसर, हाताला तेल लागणारं.

“म्या तवाच म्हनलो,” आप्पा सांगत, “हे आपल्या गावात बी हुईल. पानी तेच, ओवा तोच. मग कावून न्हाई?”

उंच, सडसडीत माणूस. कपाळावर विभूती, गळ्यात चांदीच्या करंड्यातलं लिंग, मिशीची डावी बाजू बहुतेक वेळा जळालेली. धोतरावर तेजाबाची भोकं. काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, ठिगळं लावणं सोडून दिलं होतं, कारण ठिगळालाही दुसऱ्या दिवशी भोक पडे. काकू त्या खोलीत कधी पाऊल टाकत नसत. जेवायला हाक मारायची तर उंबऱ्याबाहेर उभ्या राहून भांडं वाजवत.

मी सिकंदराबादला मिशनच्या शाळेत शिकले. शाळेच्या आवारात मराठी बोललेलं चालत नसे. घाटनांदूरला आले तेव्हा माझं मराठी ऐकून नळाशेजारच्या, म्हणजे आडावरच्या मुली तोंडाला पदर लावत. आडाला ‘नळ’ म्हणायची चूक मी एकदाच केली, पण त्यांनी ती पुष्कळ दिवस पुरवली. मग मी बोलणंच कमी केलं. आई लोकांना सांगे, “ती जरा मुकी आहे.” ते मला बरं वाटे; एकदा मुकी ठरलं की कोणी काही विचारत नाही.

आप्पांनी विचारलं. मला इंग्रजी येतं हे वडिलांकडून कळताच ते दारात येऊन उभे राहिले. हातात पुठ्ठे गेलेलं एक जाड पुस्तक.

“पोरी, हितं काय लिवलंय?”

मी वाचायला लागले. त्यांनी हात वर केला.

“इंग्रजी नको ऐकवू. काय करायचं त्ये सांग.”

हे अवघड होतं. मला इंग्रजी वाक्य कळे, पण त्यातल्या क्रियांना मराठी शब्द माझ्याकडे नव्हते. मी अडले की ते हातांनी करून दाखवत. हे? की हे? मी मान हलवे. मग ते शब्द देत: गाळायचं, निथळायचं, खदखदू द्यायचं, निवू द्यायचं. माझं अर्धं मराठी त्या खोलीतलं आहे. घरी मी एकदा “लई कढत हाय” म्हणाले तेव्हा आईनं कपाळाला हात लावला.

त्यांची रीत अशी. ओवा भरडून देगचीत वाफेवर ठेवायचा. वाफ नळीतून थंड होऊन घंगाळात उतरे, आणि पाण्यावर तेल तरंगे. सज्जीखार आणि चुना कालवून, गाळून केलेल्या कडक खारात ते तेल घुसळायचं. फूल तेवढं खारात शिरे, बाकीचं तेल वर राही. ते काढून टाकायचं. मग खाली राहिलेल्या पाण्यात तेजाबाचे थेंब सोडायचे, की पाणी दुधासारखं होई आणि फुलाचं तेल सुटून वर येई. ते निवलं की खडे धरायचे. आणि हे खडे गरम दारूत विरघळवून, थंड करून, पुन्हा पुन्हा धरायचे.

दारूची गोष्ट गावात सगळ्यांना ठाऊक होती. लिंगायताच्या घरी दारूचं नाव काढायचं नाही, आणि आप्पा भरदिवसा बाजारातून मोहाची दारू आणत. झाकून नव्हे, बाटली हातात उंच धरून, पुढून मागून सगळ्यांना दिसेल अशी. “झाकून आनली तर प्यायला नेली म्हनतील,” असं त्यांचं म्हणणं. पारावरचे लोक विचारत, “आप्पा, आमाला बी थोडं शुद्ध करा की.”

“तुमी न्हाई हुयाचे,” आप्पा न थांबता म्हणत. “तुमच्यात पानी लई हाय.”

वस्तू शुद्ध झाली की नाही हे बघण्याची त्यांची एकच कसोटी होती. सोनाराच्या फुंकणीनं दिव्यावर काच ओढून ते केसासारखी बारीक नळी करत, तीत चिमूटभर खडे भरत, नळी दोऱ्यानं उष्णतामापकाला बांधत आणि पाण्याच्या भांड्यात सोडून अगदी मंद आच देत. शुद्ध फूल पन्नास अंशांना वितळतं. भेसळ असली तर आधीपासूनच ओलावायला लागतं आणि शेवटपर्यंत एकदम वितळून जात नाही. “खोट आसली की लौकर घाम सुटतो,” ते म्हणत. “अस्सल आसंल तर पन्नासपर्यंत गप, आन मग सगळं एकदम.”

माणसांनाही ते हेच लावत. व्याही, तलाठी, कीर्तनकार, कोणीही भेटून गेला की मला विचारत, “किती अंशाला?” मी खांदे उडवले की स्वतःच सांगत. तलाठी चाळीसला सुरू झाला आणि साठला संपला. नव्या जावयाला त्यांनी दारातच पाहून “बत्तीस” म्हटलं. काकूंनी ते ऐकलं आणि दोन दिवस भांडं न वाजवता परस्पर जेवून घेतलं. अण्णांबद्दल मात्र ते म्हणत, “अण्णा वितळत न्हाई. अण्णा दगड हाय. पर दगडात भेसळ नसती.”

एकदा आमच्या खोलीत येऊन त्यांनी मला एक वाटी दाखवली. वितळवलेलं फूल सकाळपासून निवत ठेवलेलं. हात लावला तर वाटी थंडगार, पण आतलं अजून पातळ, तेलासारखं.

“पन्नासच्या लई खाली आलंय,” ते म्हणाले. “घट्ट व्हायाला पायजे. झालंय का?”

“नाही.”

“कावून?”

 त्यांनी बोटाच्या टोकावर फुलाचा एक तुकडा घेतला आणि वाटीत सोडला. तो पडला तिथून चारी बाजूंना पांढऱ्या सुया निघाल्या, माझ्या डोळ्यांसमोर वाटीच्या काठापर्यंत धावल्या आणि थांबल्या. वाटी उलटी केली तरी थेंब पडला नाही.

“याला आपल्यासारखं कुनीतरी आत आल्याबिगर जमता येत न्हाई,” ते म्हणाले. मग तिथंच बसलेल्या माझ्या आईकडे वळून, “तुमच्या पोरीचं बी आसंच हाय, बाई. मुकी न्हाई ती.”

त्या दिवशी त्यांनी एक चांगला लांब खडा निवडून मला दिला. वाचून दाखवल्याबद्दल. मी तो होमिओपॅथीच्या रिकाम्या कुपीत घालून शाळेच्या कंपासपेटीत ठेवला. तोपर्यंत माझ्या कामासाठी मला कोणी काही दिलं नव्हतं.

युरोपात लढाई सुरू झाली आणि जर्मन बाटल्या यायच्या थांबल्या. मोमिनाबादच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांची बाटलीही संपली. ते मद्रासकडचे, आदबीनं बोलणारे गृहस्थ होते. आप्पांनी त्यांना जाऊन गाठलं. डॉक्टर म्हणाले, बाजारातलं सत मी रुग्णाला देणार नाही. पण तुम्ही बाटलीभर आणा, मी तुमच्यासमोर वितळवून बघतो. खरं निघालं तर दर हिवाळ्याला दवाखाना तुमच्याकडूनच घेईल.

ही गोष्ट आप्पांनी अण्णांना सांगितली. अण्णांनी हातातला तराजू खाली ठेवला. इतकी वर्षं ओवा गेला होता, दारूवरून सोयऱ्यांची बोलणी बसली होती, आणि कडबा पावसात भिजत होता.

“हे बग,” अण्णा म्हणाले, “त्यानं घेतलं तर खोली तुजी. मी पुन्यांदा बोलनार न्हाई. त्यानं न्हाई म्हनलं तर देगची मोडीत घालायची आन कडबा आत भरायचा. कबूल?”

“कबूल,” आप्पा म्हणाले.

त्या हिवाळ्यात आप्पांनी दुसरं काही केलं नाही. थंडी चांगली पडली होती, खडे लांब धरत होते. बाटली भरत आली. शेवटी थोडी रिती दिसली म्हणून त्यांनी कागदांवर चिकटलेलं, वाट्यांच्या काठाचं, नळ्यांच्या तळाचं, सगळं खरवडून पुन्हा शुद्ध करून तीत घातलं. खोलीत फुलाचा कण उरला नाही. नळीत भरून पाहिलं, पन्नास. बाटलीला बूच लावून, कापूस घालून लाकडी पेटीत ठेवली. तेवढ्यात निरोप आला की डॉक्टरांची बदली झाली आहे, बुधवारी दुपारी ते निघणार. आप्पांनी मंगळवारी सकाळी छकडा जुंपायचं ठरवलं.

सोमवारी संध्याकाळी काकूंनी नवऱ्याच्या कामात पहिल्यांदाच हात घातला.

त्यांच्या माहेरची एक रीत होती. घरातली नवी वस्तू पहिल्यांदा उंबऱ्याबाहेर निघाली की देवापुढचा कापूर तिच्यासोबत घालायचा. पहिल्या पिकाच्या पोत्यात, सासरी निघालेल्या मुलीच्या पेटीत. इतकी वर्षं ज्या खोलीशी त्या बोलल्या नाहीत तिच्यातून आता काहीतरी बाहेर निघत होतं. त्यांनी पेटी देवापुढे नेली, बाटलीला विभूती लावली, बूच काढलं आणि आरतीच्या ताटातला कापूर आत घातला. काकू कापराच्या बाबतीत हात आखडत नसत. भेसळीचा कापूर त्या नुसता हुंगून दुकानदाराला परत करत. त्यांच्या ताटात असे तो अस्सल, आणि भरपूर.

सकाळी छकडा दारात होता. आप्पांनी अण्णांना बोलावलं, “ये, बगून घे एकदा,” आणि पेटी उघडली.

बाटलीत सुया नव्हत्या. स्वच्छ, दाटसर पाणी होतं, आणि तळाशी कापराची एक झिजलेली वडी.

“ह्ये काय बे?” अण्णा म्हणाले. “रातीत पानी झालं?”

 मग दारातून काकूंचा आवाज आला. “कापूर म्या घातला.”

घाणेरड्या फडक्यावरून आप्पा केवढे चिडतात ते मी पाहिलं होतं. मी भिंतीला टेकले. आप्पा खाली बसले, बाटली उजेडात धरली, हळूच कलती केली, हुंगली.

“किती घातलास?”

“ताटात व्हता तेवडा.”

“कावून?”

“तुमाला यश यावं म्हनून,” काकू म्हणाल्या. त्या रडत नव्हत्या, पण हातातल्या पदराची त्यांनी पिळून दोरी केली होती.

आप्पा पुन्हा बाटलीकडे बघू लागले. “ह्ये बी घट्ट, त्ये बी घट्ट,” ते म्हणाले. “दोनी अस्सल. शेजारी बसले आन दोघांचं पानी झालं. तुला म्हाईत व्हतं आसं हुतं म्हनून?”

“मला काय म्हाईत?”

“मला बी न्हवतं.” त्यांच्या आवाजात चक्क कौतुक होतं.

अण्णांना ते सहन झालं नाही. “आनंद कसला करायलास? डाक्टर उद्या चाललाय. कडब्याच्या गाड्या सांगून ठिवल्यात म्या.”

“उद्या दुपारी चाललाय,” आप्पा म्हणाले. “बैलं सोड. पोरी, पुस्तक आन. कापूर खारात विरघळतो का बग.”

मला पान सापडेपर्यंत सगळे माझ्याकडे बघत उभे होते. “नाही विरघळत,” मी म्हणाले. “आणि वाफेबरोबर उडून जातो.”

आप्पांनी मांडीवर थाप मारली. मग जे झालं ते मी पुस्तकात कुठं वाचलं नव्हतं, त्यांनी ते तिथंच जुळवलं. बाटलीतलं सगळं त्यांनी कडक खारात ओतून घुसळलं. फूल खारात शिरलं, कापराचा पांढरा चुरा वर आला. तो फडक्यानं गाळून काढला. उरलेलं पाणी देगचीत घालून झाकण न ठेवता उकळायला लावलं. फूल खाराला बांधलेलं, ते हलणार नाही. राहिलासाहिला कापूर वाफेवर जाईल. प्रश्न एवढाच होता की तो पुरता गेला हे कळायचं कसं. ओव्याच्या वासात आयुष्य काढलेल्या आप्पांच्या नाकाला आता कापूर उरलाय की नाही ते सांगता येईना. माझ्याही नाही.

आप्पा उंबऱ्याशी गेले. “आत ये,” ते काकूंना म्हणाले. “तुजं नाक पायजे.”

काकू आत आल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. पदर सावरून त्या देगचीवर वाकल्या. “हाय अजून,” म्हणाल्या. आप्पांनी पाणी घालून पुन्हा उकळी आणली. “हाय.” पुन्हा. मी चुलीत काटक्या सारत होते. अण्णा दुकानात जाऊन परत आले, दारात थांबले, परत गेले. दुपार कलली तेव्हा काकू बराच वेळ वाफेवर डोळे मिटून राहिल्या आणि म्हणाल्या, “आता न्हाई.”

“नक्की?”

“देवाच्या कापराला मी चुकनार का?”

देगची निववली. तेजाबाचे थेंब पडले, पाणी दुधाळ झालं, तेल सुटलं. आप्पांनी ते धुऊन रुंद वाटीत घेतलं आणि वाटी आडाच्या पाण्यात ठेवली. वाटी थंड झाली. तेल तेलच राहिलं.

त्यांनी काचेच्या काडीनं तळ खरवडला. वाटी हलवली. पाणी बदललं. मग ते उठून कोनाडे धुंडाळू लागले. जुने कागद झटकले, रिकाम्या नळ्या उजेडात धरल्या. मला कळलं ते काय शोधताहेत. त्यांनीच खोलीतला कण न् कण बाटलीत घातला होता.

“एक खडा,” ते स्वतःशीच म्हणाले. “तांदळायेवडा तरी.” मी त्यांना असं पहिल्यांदाच पाहत होते. हातातली नळी खाली पडून फुटली.

मी आमच्या खोलीत गेले आणि कंपासपेटी उघडली. खडा होता तसाच होता, कुपीच्या काचेला टेकून. मी फार वेळ घालवला नाही, पण थोडा घालवला.

परत येऊन मी म्हणाले, “माझ्याकडे आहे.” बहुधा मोठ्यानं म्हणाले असेन, कारण दारातले अण्णाही वळले.

आप्पांनी कुपी पाहिली. “तू ठिवलास व्हय त्यो?” मग त्यांनी कुपी परत माझ्या हातात दिली. “टाक. तूच टाक.”

मी टाकला. एक क्षण तो नुसता तेलात पडून राहिला. मग त्याच्या कडांना पांढरं फुटलं आणि सुया निघाल्या, एकीतून दुसरी, वाटीभर. काकूंनी हात जोडले. “आता काय घालू नको हं,” आप्पा त्यांना म्हणाले, आणि काकू इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं.

वडिलांनी टपालातला टीपकागद दिला. त्यात दाबून दाबून खडे कोरडे केले. दिवे लागायच्या सुमाराला आप्पांनी नळी पाण्यात सोडली आणि मी अंश वाचत गेले. पंचेचाळीस, गप. अठ्ठेचाळीस, गप. पन्नास, आणि नळीतलं पांढरं एकदम नाहीसं झालं.

दुसऱ्या दिवशी आप्पा पहाटे गेले आणि संध्याकाळी आले. कडब्याच्या दोन गाड्या दारात उभ्या होत्या. छकडा गड्याच्या हाती पुढे, आणि आप्पा त्याच्या पुष्कळ मागून चालत.

“काय म्हनला डाक्टर?” अण्णांनी विचारलं.

“वितळवलं. मग परत वितळवलं.”

“मंग?”

“मंग बाटली कपाटात ठिवली आन चावी लावली.”

अण्णांनी पेटी उघडून बघितली. रिकामी होती. त्यांनी गाडीवानाला हात केला, “कडबा दुकानामागं टाक बे. हितं जागा न्हाई.”

आप्पा चालत का आले ते काकूंनी विचारलं. त्यांनी धोतराच्या सोग्यातून पुडी काढली: मोमिनाबादच्या बाजारातला कापूर, काकूंसाठी. येताना डॉक्टरांनी चिमूटभर फूल परत दिलं होतं, ते छकड्यात होतं. दोघांना एका गाडीत आणणं त्यांच्या जिवाला पटलं नव्हतं.

त्या चिमटीतला खडा त्यांनी माझ्या कुपीत घातला. “फुडच्या हिवाळ्याला लागंल,” म्हणाले. “माज्यापाशी ऱ्हात न्हाई. मी सगळं बाटलीत घालतो.”

पुढच्या हिवाळ्याआधीच वडिलांची बदली झाली. निघताना मी कुपी पुढे केली, ती त्यांनी घेतली नाही. म्हणाले, तुझ्याकडं नीट राहतो. थंडी पडल्यावर मी खड्याचे दोन तुकडे केले, एक कागदात गुंडाळून आप्पांच्या नावानं घाटनांदूरला जाणाऱ्या टपालात टाकला, आणि वाट बघत बसले. बरेच दिवस काही आलं नाही.

मग एका सकाळी वडील टपाल लावत होते. एक पाकीट त्यांनी हातात घेतलं, थांबले, नाकाजवळ नेलं, आणि पत्ता न वाचताच माझ्यासमोर ठेवलं.